पुष्पदरी आणि मेंढरांची वाट

(समाजाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गेल्या श्रावणात आपल्या धनगर समाजातील आम्ही नऊ जण गढवालच्या हिमालयात जाऊन आलो. बदरीनारायणाचे दर्शन हा मूळ हेतू होता. त्या वाटेपासून थोड्या बाजूस असलेल्या ‘फूलों की घाटी’ नावाच्या राष्ट्रीय उद्यानात आम्ही दोन दिवस पायी हिंडलो, त्याविषयी चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. हिमालयाच्या शोभेची वर्णने आपण पुष्कळ वाचली असतील. सबब तो भाग आम्ही आटोपता घेणार आहोत. मेंढरांमागे चालणाऱ्या समाजाच्या कानी जे विशेषेकरून जावे असे वाटते, तेच मुख्यतः सांगावयाचे आहे.

प्रथम वाट. ऋषिकेशाहून अलकनंदेच्या काठाने जोशीमठ गाठावे. तेथून बदरीनाथच्या रस्त्यावर गोविंदघाट लागते. पुढे पुलना गावापर्यंत चार किलोमीटर आता मोटार जाते आणि त्यानंतर लक्ष्मणगंगेच्या काठाने सुमारे दहा किलोमीटरचा चढ पायांनीच काढावा लागतो. 2013 च्या जूनमधील महापुराने या खोऱ्यातील वाटा, पूल आणि घरे यांची अपरिमित हानी केली होती. चढ संपतो तेथे सुमारे दहा हजार फुटांवर घांघरिया ही वस्ती आहे. येथे येणारे बहुसंख्य लोक हेमकुंडास जाणारे शीख यात्रेकरू असतात. ते तीर्थ चौदा हजार फुटांवर आहे आणि शेजारीच लक्ष्मणाचे स्थान आहे. ज्यांना चालवत नाही त्यांना कंडीवाले पाठीवरच्या टोपलीत बसवून नेतात. आमच्यातील एका मातोश्रींना तसे बसण्याचा फार संकोच वाटला; पण कंडीवाल्यानेच त्यांची समजूत घातली की, आपण बसला नाहीत तर आमची चूल कशी पेटावी?

घांघरियाहून सुमारे चार किलोमीटर चालले म्हणजे पुष्पदरी उघडते. मधोमध पुष्पावती नदी, माथ्यावर रताबन शिखर आणि हिमनद्या, खाली भोजवृक्षांचे रान. उद्यान 87.5 चौरस किलोमीटरचे असून त्यात पाचशेहून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पती नोंदल्या गेल्या आहेत. साधारणतः जून ते ऑक्टोबर एवढाच काळ ते खुले असते. आत रात्रीचा मुक्काम करता येत नाही. आम्ही गेलो तेव्हा गुलाबी तेरड्याने उतारच्या उतार भरून गेले होते. दगडांच्या कपारीत निळी हिमालयीन खसखस फुलली होती. ब्रह्मकमळ मात्र पाहावयाचे तर हेमकुंडाच्याच उंचीवर चढावे लागते. पाऊस दिवसभर भुरभुरत होता आणि धुके मिनिटाला पडदा ओढीत व सोडीत होते. शोभेचे एवढे पुरे.

आमच्याबरोबर एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांची उभी उमेद वाड्यामागे, माणदेशातून कोकणात आणि कोकणातून परत माणदेशात, अशी चालण्यात गेली. सारे जण फुलांची छायाचित्रे घेण्यात गुंग असता हे मात्र खाली वाकून गवत चाचपीत होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, “हितं लई वर्सांत बकरं फिरल्यालं न्हाई.” पुरुषभर उंचीचे एक झाड तेथे दाट माजले होते आणि त्याखाली दुसरे काही उगवत नव्हते, ते त्यांनी काठीने दाखविले. त्या झाडास तिकडे अमेला म्हणतात.

म्हाताऱ्यांचे निदान अचूक होते. या दरीचा ‘शोध’ 1931 साली फ्रँक स्माइथ आणि त्याच्या सोबत्यांनी लाविला, असे पुस्तकांतून छापले जाते. कामेट शिखर सर करून परतताना ही मंडळी भ्यूंडार खिंड ओलांडून येथे उतरली. 1937 मध्ये स्माइथ पुन्हा आला आणि पुढच्या वर्षी त्याच्या पुस्तकाने दरीचे नाव जगभर झाले. 1939 मध्ये जोन मार्गारेट लेग ही विदुषी वनस्पती गोळा करीत असता कड्यावरून घसरून येथेच मरण पावली. तिची समाधी दरीत आहे. या सर्वांविषयी आमच्या मनात आदरच आहे. तथापि त्यांच्या कितीतरी आधीपासून भ्यूंडार खोऱ्यातील लोक आपली मेंढरे उन्हाळ्यात या कुरणांवर नेत होते. ज्यांच्या जनावरांच्या खुरांनी वाट पडली, त्यांचे नाव शोधकर्त्यांच्या यादीत कोण घालणार?

1982 साली दरी राष्ट्रीय उद्यान झाली आणि त्या पाठोपाठ तेथील चराई बंद करण्यात आली. 2005 साली जागतिक वारशाच्या यादीत तिचा समावेश झाला. चराई थांबल्यावर अमेला बेसुमार पसरला आणि नाजूक फुलझाडे त्याखाली दडपली, असे काही वनस्पतिशास्त्रज्ञांचे म्हणणे पडले. इतरांनी ते अमान्य केले. त्यांच्या मते दरडी कोसळतात तेथे आणि जुन्या मेंढवाड्यांच्या खतावलेल्या जागीच हे झाड बळावते. वनखात्याला ते उपटून काढण्याच्या मोहिमा घ्याव्या लागल्या, एवढे निर्विवाद आहे. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे, म्हणून निवाडा देत नाही. पण दार लावण्यापूर्वी पिढ्यान्‌पिढ्या तेथे वावरलेल्या मेंढपाळाला काही विचारावे, त्याचे अनुभव टिपून ठेवावेत, हे शास्त्राच्याही हिताचेच झाले असते, असे आम्हांस वाटते.

घांघरियात एका दुकानदार बाबांनी आमच्या खांद्यावरची घोंगडी पाहिली. त्यांनी बाहेर येऊन ती बोटांच्या चिमटीत धरली आणि, “कोणत्या मेंढीची लोकर?” म्हणून पृच्छा केली. आम्ही मेंढपाळांचे वंशज आहोत हे कळताच चहाचे पैसे घेईनात. त्यांच्या वडिलांचा कळप पुष्पावतीकाठी असे. ते म्हणाले, “भाऊ, आमची मेंढरे होती तेव्हाही फुले होतीच. ती नसती तर साहेबाने पाहिले काय असते?” यावर आमच्यापैकी कोणापाशी उत्तर नव्हते. बाबांच्या बोलण्यात कडवटपणा मात्र यत्किंचितही नव्हता. पाहुण्यांमुळेच आता घर चालते, हेही त्यांनी स्वच्छ सांगितले.

याच चमोली जिल्ह्यात रेणी गाव आहे. 1974 च्या मार्चमध्ये गौरादेवींनी गावच्या स्त्रियांसह वृक्षांना कवटाळून कुऱ्हाड थांबविली ते हेच. रान वाचविणारे आणि रानावर जगणारे लोक तेथे निराळे नव्हते.

आता आपल्या घरचे. सह्याद्रीच्या माथ्यावर चांदोली आणि कोयनेच्या रानात आपल्या गवळी धनगर बांधवांचे वाडे होते. 2004 मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यान झाले आणि 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. त्या परिसरातील अनेक गावांना आणि वाड्यांना स्थलांतर करावे लागले. वाघही जगलाच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु आपली बाजू मांडावयाची तर ती पुराव्यानिशी मांडावी लागते, आणि येथेच आपला समाज मागे पडतो. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमात स्थिर व फिरत्या चराईचा, तसेच पशुपालक समाजांच्या हंगामी वावराचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे. अनुसूचित जमातींत न मोडणाऱ्यांना मात्र 13 डिसेंबर 2005 पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे, वनातील वास्तव्य आणि वनावरील अवलंबन दाखवावे लागते. दावा ग्रामसभेपुढे जातो. दावेदाराखेरीज अन्य वृद्धांचे लेखी निवेदन हाही त्यात ग्राह्य पुरावा आहे. आमच्याबरोबर आलेल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी तीस मुक्कामांची नावे आहेत. कोणत्या पाणवठ्यावर थांबावयाचे, कोणाच्या शेतात मेंढरे बसवावयाची, खतापोटी किती धान्य मिळे, सारे त्यांना तोंडपाठ आहे. कागदावर यातील एक अक्षरही नव्हते.

परतीच्या प्रवासात आम्ही आगगाडीतच त्यांच्याकडून लिहून घेण्यास आरंभ केला. फलटण येईतो अठरा मुक्काम झाले. उरलेले घरी बसून पुरे केले. वाचनालयाच्या कपाटात त्यासाठी स्वतंत्र वही ठेविली आहे. ज्यांच्या घरी वाड्याबरोबर चाललेले वडीलधारे आहेत, त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजातील मुलांना त्यांच्यापुढे बसवावे. मुक्कामाचे नाव, महिना आणि पाणवठा एवढे तरी उतरवून घ्यावे, आणि खाली सांगणाऱ्याची सही अथवा अंगठा असावा. पुढील श्रावणात पुष्पदरीस दुसरी तुकडी न्यावयाचे ठरत आहे. येणाऱ्यांनी चालण्याचा सराव आतापासून ठेवावा, लोकरीचे कपडे आणि चांगले रेनकोट घ्यावेत, प्लॅस्टिकच्या पिशव्या घरीच ठेवाव्यात आणि कंडीवाल्याशी भाव करताना फार ताणू नये. दुकानदार बाबांना आम्ही एक काळी घोंगडी कबूल केली आहे. ती विणावयास दिली असून दुसऱ्या तुकडीबरोबरच पाठवू.