टांगा मिळेल, हाकणार नाही
(रेडिओवरील भाषण)



चाळीसगाव स्टेशनावर ज्यांनी धुळ्याच्या गाडीची वाट पाहिली आहे, त्यांना तिथला वेळ कसा जातो हे वेगळं सांगायला नको. मुंबईची गाडी निघून गेलेली असते, धुळ्याची लागायची असते, आणि मधल्या वेळात चहा पिऊन पिऊन माणूस कंटाळतो. मीही त्या फलाटावर बरेच तास काढले आहेत. आज त्याच स्टेशनावरच्या एका तासाची गोष्ट सांगायची आहे. साल १९२९.

अस्पृश्यांच्या आणि आदिवासींच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला मुंबई सरकारनं तेव्हा एक समिती नेमली होती. अध्यक्षांच्या नावावरून तिला स्टार्ट समिती म्हणतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सभासद होते. सभासदांनी प्रांत वाटून घेतला, त्यात पूर्व आणि पश्चिम खानदेश, म्हणजे आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार, बाबासाहेबांच्या आणि आणखी एका सभासदाच्या वाट्याला आले. काम संपलं. बरोबरचे सभासद कुणा साधूच्या दर्शनाला गेले, एवढं एकच वाक्य बाबासाहेबांनी त्यांच्याबद्दल लिहून ठेवलं आहे. पुढं टीका नाही, टिप्पणी नाही. ते न लिहिणंही वाचण्यासारखं आहे.

बाबासाहेब मुंबईच्या वाटेवर चाळीसगावला उतरले. धुळे लाइनीवरच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता, त्याची चौकशी करायची होती. चाळीसगावची अस्पृश्य मंडळी स्टेशनावर आली, एक रात्र आमच्याकडे राहाच म्हणाली. बाबासाहेबांनी ते मानलं. धुळ्याच्या गाडीनं ते त्या गावी गेले, हकीकत समजून घेतली आणि पुढच्या गाडीनं परत आले. स्टेशनावर हारतुरे झाले. महारवाडा तिथून दोनेक मैलांवर, नदीच्या पलीकडे. बाहेर भाड्याचे टांगे पुष्कळ उभे होते. तरी कुणी हलेना. पाहुणे ताटकळले, का ते त्यांना कळेना. असा जवळजवळ तास गेला. मग एक टांगा फलाटाला लागला.

त्यात दोघंच: हाकणारा आणि बाबासाहेब. बाकीचे जवळच्या वाटेनं पायी निघाले. दोनशे पावलं गेले नसतील, तोच टांगा एका मोटारीवर जाणार होता. पोलीस ओरडला म्हणून निभावलं. पुढं नदीवरचा फरशी पूल. आपल्याकडच्या फरश्या तुम्हाला ठाऊकच आहेत: कठडा नाही, कडेला अंतराअंतरानं दगड रोवलेले, आणि रस्त्यावरून पुलावर यायला काटकोनात वळायचं. पहिल्याच दगडापाशी घोडं उधळलं. चाक दगडावर आदळलं, बाबासाहेब उचलून फरशीवर फेकले गेले आणि घोडा-टांगा दोन्ही नदीत पडले. ते बेशुद्ध झाले. शुद्धीवर आल्यावर कळलं की पायाचं हाड मोडलं आहे. पुढं बरेच दिवस ते अंथरुणाला खिळून होते.

स्टेशनावरचा तो तास कशात गेला, हे त्यांना नंतर समजलं. अस्पृश्य सवारी बसवायला एकही टांगेवाला तयार नव्हता. पाहुण्यांना पायी न्यायला ही मंडळी तयार नव्हती. शेवटी तोड निघाली. टांगा भाड्यानं मिळेल, पण आम्ही हाकणार नाही. हाकणारा तुमचा तुम्ही आणा. महारवाड्यात टांगा हाकण्याचा धंदा कुणाचाच नव्हता. एकानं लगाम हातात घेतला, त्यात काय एवढं म्हणून. थोडं पुढं गेल्यावर जबाबदारी जाणवली आणि त्याचे हातपाय गळाले.

हे सगळं बाबासाहेबांनी स्वतः इंग्रजीत लिहून ठेवलं आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ नावाच्या त्या छोट्या लेखनाचं पुस्तक व्हायला १९९० साल उजाडावं लागलं.

श्रोतेहो, मला आज बोलायचं आहे ते त्या तडजोडीबद्दल. बहिष्काराबद्दल, जुलमाबद्दल आपण बोलतो, बोललंही पाहिजे. पण ही तडजोड बघा किती गोड आहे. कुणी कुणाला शिवी दिली नाही. कुणी काठी उचलली नाही. टांगेवाल्याचा बाट टळला, भाडंही बुडालं नाही. यजमानांचा मान राहिला. गावात शांतता राहिली. आजच्या भाषेत आपण तिला सामंजस्य म्हणू आणि कदाचित सत्कारही करू. तिची सगळी किंमत फक्त एका माणसाच्या पायानं भरली.

बरं, ही तोड काही चाळीसगावची खास नव्हे. १९०१ साली नऊ-दहा वर्षांचा भीमराव भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाला होता, तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या मसूर स्टेशनावर हेच झालं होतं. गाडीवाला म्हणाला होता, दुप्पट भाडं द्या, गाडी तुम्हीच हाका, मी बाजूनं पायी चालतो. अठ्ठावीस वर्षं मध्ये गेली. मुलगा कोलंबियाला जाऊन आला, लंडनला जाऊन आला, बॅरिस्टर झाला, सरकारी समितीचा सभासद म्हणून आला. अट मात्र त्याच जागी उभी होती.

आता टांगेवाल्याची बाजू घेऊन बघू. तो म्हणेल, घोडा माझा, टांगा माझा. कुणाला बसवायचं ते मी ठरवीन. यात चूक काय? १९२९ च्या कायद्यानं खरंच काही चूक नव्हतं. अस्पृश्यांना सार्वजनिक जागा खुल्या करणारा बोले ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला होता, पण तो सरकारी खर्चानं चालणाऱ्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने यांच्यापुरता. टांगा त्यात कुठून येणार? राज्यघटना आली, तिच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता संपवली, आणि १९५५ च्या कायद्यानं अस्पृश्य म्हणून सेवा नाकारणं हा गुन्हा ठरला. म्हणजे त्या टांगेवाल्याला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार त्यानंतरही बरीच वर्षं होता.

आणि ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार ही लहान गोष्ट नाही. चाळीसगावातच केकी मूस राहायचे. नामांकित छायाचित्रकार, १९८९ साली गेले. वर्षानुवर्षं त्यांनी घराबाहेर पाऊल टाकलं नाही म्हटलं तरी चालेल. दार लावून बसले ते बसले. गावानं त्यांना विक्षिप्त म्हटलं असेल, पण त्यांच्या वाटेला कुणी गेलं नाही, आणि मला वाटतं गावाचं हे वागणं चांगलंच होतं. त्यांच्या बंद दारामुळं कुणाचं दळण अडलं नाही की कुणाची सवारी खोळंबली नाही.

टांग्यांच्या अड्ड्यावरचं ‘नाही’ वेगळं होतं, कारण ते एकाचं नव्हतं. एकानं नकार दिला असता तर दुसरा टांगा होता. तिथं सगळ्यांनी एकाच माणसाला नकार दिला, आणि दुसरीकडे जायची सोयच उरली नाही. ज्या गावची चौकशी करून बाबासाहेब परतले होते, तिथंही हेच मोठ्या प्रमाणावर चाललेलं असणार. स्टार्ट समितीच्या अहवालात असल्या बहिष्कारांचं वर्णन आहे. वाण्यानं माल द्यायचा नाही, नेहमीच्या वाटेनं जाऊ द्यायचं नाही, शेतावरून काढून टाकायचं. कारणं काय? सार्वजनिक विहिरीवर पाणी भरलं. जमिनीचा तुकडा घेतला. चांगले कपडे, दागिने घातले. नवरदेवाची वरात घोड्यावरून काढली. समितीनं स्पष्ट म्हटलं की हक्क कागदावर दिले तरी असल्या बहिष्काराच्या भीतीनं बराच काळ ते वापरणं अवघड जाईल. बाबासाहेबांनी हे अहवालातले शब्द पुढं गोलमेज परिषदेत मांडले आणि बहिष्कार हाच गुन्हा धरा अशी मागणी केली. मसुद्यासाठी आधार घेतला ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा.

वाणी म्हणेल, माल माझा. जमीनदार म्हणेल, शेत माझं. न्हावी म्हणेल, वस्तरा माझा. एकेकाचं ऐकलं तर प्रत्येक जण आपापल्या हद्दीत आहे. सगळ्यांचं मिळून जे होतं, त्याला आपल्या भाषेत जुना शब्द आहे: वाळीत टाकणं.

कायदेमंडळालाही हे कोडं सहज सुटलं नाही. मुंबई प्रांतानं १९४९ साली वाळीत टाकण्यावर बंदी आणली. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं. आमच्या पंथात कुणाला ठेवायचं हा आमचा धर्मस्वातंत्र्याचा प्रश्न आहे, असं त्यांचं म्हणणं. १९६२ साली सुप्रीम कोर्टानं ते मान्य केलं आणि कायदा रद्द झाला. सरन्यायाधीश सिन्हा मात्र एकटे विरोधात राहिले. जातीबाहेर टाकलेला माणूस जवळजवळ अस्पृश्यच होतो, असा त्यांचा रोख होता. मला स्वतःला सिन्हांचं मत पटतं. पंथाला स्वातंत्र्य हवं हे खरं, पण पंथातल्या एकट्या माणसाला ते नको का? तो प्रश्न २०२३ साली नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाकडे सोपवला गेला. दरम्यान महाराष्ट्रानं जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. तो ३ जुलै २०१७ पासून लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याआधी २०१५ च्या दुरुस्तीनं दलित-आदिवासींवरचा सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार ॲट्रॉसिटीच्या कायद्यात आला. धुळे लाइनीवरच्या त्या गावापासून मोजा, शहाऐंशी वर्षं.

मग आता सगळं ठीक झालं का? माझ्या एका मित्राची मुलगी नर्स आहे. आपल्याच खानदेशातल्या एका शहरात तिला नोकरी लागली, खोली शोधायची होती. मी बरोबर गेलो. एका घरी एक आजी एकट्या राहत होत्या. म्हणाल्या, बाळा, माझ्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही, राग मानू नको. मला राग आला नाही. आजींचं स्वयंपाकघर आजींचं. पण पुढं त्या कॉलनीत आम्ही सात दारं वाजवली. सातही ठिकाणी आधी आडनाव, मग गाव, मग गावातली आळी विचारली, आणि मग खोली ‘कालच गेलेली’ निघाली. कुणी बैठक घेतली नव्हती, ठराव केला नव्हता. घटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांची यादी आहे. भाड्याची खोली त्या यादीत नाही. आठव्या घरी खोली मिळाली. मालक भले गृहस्थ. फक्त म्हणाले, दारावर आडनावाची पाटी लावू नका, आणि गावाकडची माणसं फार येऊ देऊ नका, म्हणजे कुणाला त्रास नको.

परत येताना मला तो टांगा आठवला. टांगा मिळेल, हाकणार नाही.

मुलगी समजूतदार निघाली. मला म्हणाली, काका, राहू द्या, भाडं कमी आहे. ती समजूतदार निघाली म्हणून मालकांना अवघड वाटलं नाही, मलाही वाटलं नाही, आणि कॉलनीला तर काही कळलंच नाही. तिनं मात्र पाटी लावली नाही. दोन वर्षं तिची पत्रं दवाखान्याच्या पत्त्यावर येत होती.

त्या मालकांना मी तेव्हा काही बोललो नाही, ही चूक माझी. बोलायला हवं होतं की भाडं घेताय तर पाटीही लावू द्या. फार तर खोली गेली असती. पण तडजोड इतकी सोयीची होती की मीही त्या टांग्यात बसलो.

एक शेवटचं. त्या दिवशी ज्यानं लगाम हातात घेतला, त्या माणसाचं नाव बाबासाहेबांनी लिहिलेलं नाही. त्यानं ते काम कधी केलेलं नव्हतं, कुणी त्याला शिकवलेलं नव्हतं, आणि तरी पाहुण्याला पायी चालू द्यायचं नाही म्हणून तो बसला. चाळीसगावात नदीपलीकडे कुणाच्या घरी त्या आजोबा-पणजोबांची आठवण सांगितली जात असेल, तर आकाशवाणीच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाका. नाव पूर्ण लिहा.