प्रा. श्रीनिवास सिरस यांचे स्मरण कशासाठी?

(नागपूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जयंत्या आणि पुण्यतिथ्या पाळण्यात समाजवादी चळवळ कधी मागे राहिलेली नाही. ज्यांनी तुरुंगवास सोसला, ज्यांनी सत्याग्रह केले, त्यांची नावे आपल्या दिनदर्शिकांवर असतात आणि ती असावयासच हवीत. परंतु नागपूरच्या मातीतून गेलेल्या एका माणसाची पुण्यतिथी या शहरात फारशी कोणाच्या ध्यानात नसते. त्याने कोणतेही आंदोलन उभारले नाही, कोणत्याही पक्षाचे सभासदत्व घेतले नाही. तो मराठीचा एक अबोल प्राध्यापक आणि कवी होता. त्याचे स्मरण समाजवाद्यांनी का करावे, हा आजचा विषय आहे.

डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस मूळचे नागपूरचे. उच्च शिक्षणही त्यांनी येथेच घेतले. पुढे सुमारे दोन दशके त्यांनी अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकविले. तेथील आधुनिक भारतीय भाषा विभागाचे ते प्रमुख होते. ज्या गावात मराठीचा शब्द कानी पडणे दुर्मीळ, तेथे मराठी भाषा आणि साहित्य शिकवीत आयुष्याची उमेदीची वर्षे घालविणे ही एक प्रकारची साहित्यसेवाच होय. ‘पायाखालची हिरवळ’ हा त्यांचा काव्यसंग्रह. महाराष्ट्र साहित्य परिषदेने त्याचा गौरव केला होता. विद्यापीठावर आपले प्रेम आहे, असे ते अखेरपर्यंत सांगत राहिले.

8 फेब्रुवारी 2010 च्या रात्री कॅमेरा घेतलेली माणसे विद्यापीठाच्या आवारातील त्यांच्या निवासस्थानात घुसली आणि एका सायकलरिक्षा ओढणाऱ्या माणसासमवेतच्या त्यांच्या खासगी क्षणांचे चित्रण करण्यात आले. दुसऱ्याच दिवशी विद्यापीठाने गैरवर्तनाचा ठपका ठेवून त्यांना निलंबित केले व निवासस्थान सोडण्यास सांगितले. निवृत्ती काही महिन्यांवर आली होती. साठी ओलांडलेल्या या एकट्या गृहस्थाला भाड्याची खोली शोधीत परक्या शहरात हिंडावे लागले. त्यांनी अलाहाबाद उच्च न्यायालयात दाद मागितली. 1 एप्रिल रोजी न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. व्यक्तीच्या खासगीपणाचा अधिकार हा मूलभूत अधिकार असून त्याचे रक्षण झाले पाहिजे, अशी न्यायालयाची भूमिका होती. त्यानंतर सहाव्या दिवशी, 7 एप्रिलला, भाड्याच्या घरात त्यांचा मृतदेह आढळला. त्या मृत्यूचे गूढ उकलले नाही आणि कोणालाही शिक्षा झाली नाही. 2016 साली हंसल मेहता यांनी ‘अलीगढ’ हा चित्रपट काढला, मनोज बाजपेयी यांनी सिरस यांची भूमिका केली, तेव्हा कोठे हे नाव देशभर पोहोचले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्या रात्री दार उघडून कॅमेरा आत शिरला, त्या रात्री सिरस यांनी कोणताही गुन्हा केलेला नव्हता. दिल्ली उच्च न्यायालयाने 2 जुलै 2009 रोजीच, प्रौढांमध्ये परस्परसंमतीने आणि खासगीत होणाऱ्या संबंधांना भारतीय दंडविधानाचे 377 वे कलम लागू होणार नाही, असा निर्णय दिला होता. म्हणजे कायदा त्यांच्या बाजूने होता. पुढे उच्च न्यायालयही त्यांच्या बाजूने उभे राहिले. तरीही हा माणूस वाचला नाही. कायदा बाजूने असूनही माणूस का वाचत नाही, हा प्रश्न वकिलांपेक्षा कार्यकर्त्यांनी स्वतःला विचारावयाचा आहे.

हा प्रश्न विचारताना एक खबरदारी घेणे अवश्य आहे. घटना अलीगढची म्हणून तिचे खापर एका धर्माच्या माथी फोडण्याचा मोह काहींना होतो. 377 वे कलम 1860 साली इंग्रजांनी आणले. त्याचा मसुदा मेकॉलेच्या आयोगाचा. दिल्लीच्या निर्णयाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जे गेले, त्यांत मुस्लिम, ख्रिस्ती आणि हिंदू अशा सर्वच गोटांतील संघटना व व्यक्ती होत्या. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे या एका मुद्द्यावर खांद्याला खांदा लावून उभे राहिले. 11 डिसेंबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे उचलून धरले आणि ते कलम पुन्हा जिवंत झाले. 6 सप्टेंबर 2018 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ते प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द केले, तेव्हा सिरस यांना जाऊन आठ वर्षे उलटली होती.

या निर्णयांशी नागपूरचे एक नाते आहे. घटनासमितीपुढे 4 नोव्हेंबर 1948 रोजी केलेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटनात्मक नीतिमत्तेची कल्पना मांडली होती. ही नीतिमत्ता आपोआप उगवत नाही, ती जोपासावी लागते, असे त्यांचे सांगणे होते. त्याच कल्पनेचा आधार 2009 आणि 2018 या दोन्ही निर्णयांनी घेतला. बहुसंख्यांच्या रुढ नीतीपेक्षा घटनेची नीती श्रेष्ठ, हा त्याचा अर्थ. बाबासाहेबांच्या दृष्टीने हा केवळ तात्त्विक प्रश्न नव्हता. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाने वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली म्हणून 1934 साली अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा कर्व्यांचे वकीलपत्र त्यांनी घेतले होते. खटला हरला, परंतु ज्या प्रश्नांचा उच्चार करण्यास समाज लाजतो, त्यांची चर्चा करणाऱ्याच्या पाठीशी उभे राहणे हे पुढाऱ्याचे काम आहे, हे त्यांनी दाखवून दिले. दीक्षाभूमीच्या नगरीत तरी याचा विसर पडू नये.

आता त्या रात्रीच्या दुसऱ्या माणसाविषयी. सिरस यांच्यावर लेख आले, चित्रपट आला, न्यायालयाचा आदेश आला. परंतु त्या खोलीत दोन माणसे होती. कॅमेरा दोघांवरही रोखलेला होता. सायकलरिक्षा ओढणाऱ्या त्या श्रमिकाला निलंबित करण्यासारखी नोकरी नव्हती, म्हणून निलंबनाला स्थगिती मिळण्याचा प्रश्नही नव्हता. त्याची अब्रूही त्या रात्री लुटली गेली, पण तिची किंमत कोणी मोजली नाही. त्याचे नाव चव्हाट्यावर यावे असे मुळीच नाही. निनावी राहण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. खंत आहे ती अशी की, या प्रकरणाच्या चर्चेत तो बहुधा केवळ प्राध्यापकाच्या ‘गुन्ह्याचा’ तपशील म्हणून येतो. काही साथी म्हणतील, सुखवस्तू माणसाने गरिबाचे केलेले हे शोषणच नव्हे काय? तो संबंध कसा होता हे त्या दोघांनाच ठाऊक. परंतु ज्यांना गरिबाची काळजी असते, ते कॅमेरा घेऊन येत नाहीत. ते प्रथम त्या गरिबालाच विचारतात.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला येथे आणखी एक गोष्ट दिसते. कायदा ज्याचे रक्षण करतो ते ‘खासगीत’ घडलेले असावे लागते. आणि खासगीपणाला चार भिंती लागतात, भिंतींना भाडे लागते, भाड्याला नियमित वेतन लागते. ज्याचा संसार पदपथावर, ज्याची रात्र रिक्षाच्या बैठकीवर, जो दहा माणसांच्या खोलीत झोपतो, त्याच्या वाट्याला खासगीपणाचा अधिकार केवळ कागदावर येतो. पोलिसाचा दंडुका आणि हप्ता यांची झळ बागेत, स्थानकावर, रस्त्यावर दिसणाऱ्यांना बसते. तृतीयपंथी व्यक्तींचे जीवन याची साक्ष देते. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी त्यांची स्वतंत्र ओळख मान्य केली व त्यांना सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून सवलती द्याव्यात असे सांगितले. परंतु शाळा, नोकरी आणि भाड्याचे घर यांची दारे निर्णयाने आपोआप उघडत नाहीत. म्हणून, ‘आधी भाकरीचा प्रश्न, मग हे चोचले’ असे जे आपल्यातलेच काही जण म्हणतात, त्यांचे म्हणणे टिकत नाही. ज्याला आपल्या स्वभावापायी घरातून, वर्गातून आणि कामावरून काढले जाते, त्याच्यापुढे हाच भाकरीचा प्रश्न म्हणून उभा असतो.

हे सारे पाश्चात्त्यांचे अनुकरण आहे, हाही एक आक्षेप असतो. पश्चिमेकडून काय आले हे पाहावयाचेच असेल, तर समाजवाद्यांनी आपल्याच परंपरेकडे पाहावे. एडवर्ड कार्पेंटर हे इंग्लंडमधील समाजवादी विचारवंत. त्यांचे सुधारणेविषयीचे पुस्तक गांधीजींनी 1909 च्या ‘हिंद स्वराज्य’मध्ये आदराने उल्लेखिले. याच कार्पेंटरांनी शेफिल्डच्या गरीब वस्तीत वाढलेल्या जॉर्ज मेरिल या कामगारासमवेत मिलथॉर्प या खेड्यात 1898 पासून उघडपणे संसार केला. ऑस्कर वाइल्डला तुरुंगात धाडणारा कायदा तेव्हा जारी होता. तरीही तो संसार 1928 साली मेरिलच्या मृत्यूपर्यंत टिकला. कार्पेंटर पुढच्याच वर्षी गेले. विद्वान आणि श्रमिक यांच्यातील भिंत प्रेम ओलांडू शकते, हे त्यांनी जगून दाखविले. आपल्या गांधींना हा माणूस चालला. आपल्याला मात्र त्याचे अर्धेच चरित्र ठाऊक असते.

दुसरे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. बेयर्ड रस्टिन हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजवादी आणि अहिंसावादी संघटक. गांधीजींच्या हत्येनंतर 1948 साली ते भारतात येऊन गेले. मार्टिन ल्यूथर किंग यांना अहिंसक लढ्याचे तंत्र समजावून देणाऱ्यांत ते प्रमुख होते. 1953 साली समलिंगी संबंधांवरून त्यांना अटक झाली होती. 1960 साली त्यांच्याविरुद्ध कुजबुज सुरू होताच त्यांना किंग यांच्या संघटनेपासून दूर व्हावे लागले. चळवळीने स्वतःच्या माणसाला सोडून दिले. 1963 साली वॉशिंग्टनवरील महामोर्चाची सारी बांधणी रस्टिन करीत असताना सिनेटर स्ट्रॉम थरमंड यांनी सभागृहात ती जुनी अटक उकरून काढली. या वेळी मोर्चाचे प्रमुख, वृद्ध कामगारनेते ए. फिलिप रँडॉल्फ ठाम राहिले. रस्टिन यांच्यावर आपला पूर्ण विश्वास आहे असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. 28 ऑगस्ट रोजी अडीच लाखांचा मोर्चा शांततेने पार पडला. माणूस तोच, आरोपही तोच. 1960 आणि 1963 यांत फरक एवढाच की, दुसऱ्या वेळी संघटना पाठीशी उभी राहिली.

सिरस यांच्या शोकांतिकेचा अर्थ येथे उलगडतो. त्यांच्याजवळ घर होते, वेतन होते, पदवी होती, कायदा होता. मिळाली नाही ती वेळेवर धावून येणारी सामूहिक शक्ती. न्यायालयाचा आदेश सात आठवड्यांनी येतो. ज्या रात्री दार मोडते त्या रात्री शेजारी, सहकारी आणि संघटना यांनीच यावे लागते. कायदा माणसाला हक्क देतो, सोबत देत नाही.

अशी वेळ आपल्या संघटनेतील एखाद्या शिक्षकावर, कारकुनावर, विडी कामगारावर आली, तर आपण काय करू? प्रथम चौकशी समिती नेमू, की प्रथम त्याच्या दारात जाऊन उभे राहू? याचे उत्तर प्रसंग येण्यापूर्वी ठरलेले असले पाहिजे. कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रांत लैंगिक कलावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्धचे कलम घालावे. निलंबन आणि निवासस्थान रिकामे करून घेणे यांचा उपयोग शिक्षेसारखा होऊ नये, असा आग्रह धरावा. वारसाचा प्रश्नही हाती घ्यावा. 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्याने असे ठरविले की, कामगाराला ‘कुटुंब’ असेल तर कुटुंबाबाहेरच्या व्यक्तीचे नामनिर्देशन व्यर्थ. कायदे पुढे बदलले, तरी कुटुंब म्हणजे रक्त आणि विवाह ही कल्पना कामगार कायद्यांतून गेलेली नाही. 17 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा अधिकार मान्य करण्यास नकार दिला, त्यामुळे वीस-तीस वर्षे एकत्र राहिलेला जोडीदारही कायद्याच्या लेखी परकाच राहिला. 2024 साली केंद्र सरकारने शिधापत्रिका आणि बँकेतील संयुक्त खाते यांसारख्या काही बाबींत सवलत जाहीर केली. हे पाऊल लहान असले तरी ते पडले आहे. पुढचे पाऊल भविष्यनिर्वाह निधी आणि निवृत्तिवेतन यांच्या दिशेने पडावे म्हणून रेटा लावणे हे आपले काम आहे.

नागपुरात सारथी ट्रस्टसारखी संस्था या समूहासाठी काम करीत आली आहे. या शहराच्या रस्त्यांवर अभिमान यात्राही निघाल्या आहेत. त्या यात्रा जात असताना पदपथावर उभे राहून पाहणे पुरेसे नाही. आपल्या कचेरीचे दार त्यांच्यासाठी उघडे आहे, हे त्यांना कळले पाहिजे.

7 एप्रिलला सिरस यांच्या प्रतिमेला हार घालून त्यांचे ऋण फिटणार नाही. पुढच्या वेळी एखाद्या सिरसांचे दार मोडले जाईल, एखाद्या रिक्षावाल्याला कॅमेऱ्यापुढे ओढले जाईल, तेव्हा त्या दारात सर्वांत आधी पोहोचणारा माणूस आपला कार्यकर्ता असावा. एवढे साधले, तर नागपूरने आपल्या या कवीला उशिरा का होईना, घरी आणले असे म्हणता येईल.