वाळूखालचे पायहीन सरडे

पाय नसलेला प्रत्येक सरपटणारा प्राणी साप असतोच असे नाही. सरड्यांच्या अनेक कुळांत, एकमेकांशी संबंध नसताना, मातीत राहण्याच्या ओघात पाय आखूड होत अखेर नाहीसे झाले. ओडिशातील चिलिका सरोवराच्या बरकुडा बेटावरून 1917 मध्ये नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी वर्णन केलेली ‘बरकुडिया’ ही पायहीन सापसुरळी याचेच भारतीय उदाहरण होय. अशा प्राण्यांचे वर्गीकरण किती अवघड असते, हे अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या ‘अ‍ॅनिएला’ या सरड्यावरून उत्तम कळते.

हा पेन्सिलीएवढ्या जाडीचा, तुळतुळीत खवल्यांचा सरडा भुसभुशीत, दमट वाळूत राहतो आणि किडे, अळ्या, कोळी खातो. त्याला बाहेरून दिसणारी कानाची छिद्रे नसतात. मात्र डोळ्यांना उघडझाप करणाऱ्या पापण्या असतात, ज्या सापांना कधीच नसतात, आणि धोका दिसताच तो आपली शेपटी तोडून टाकू शकतो. प्राणिशास्त्रज्ञ ग्रे यांनी 1852 मध्ये ‘अ‍ॅनिएला पुल्क्रा’ असे नाव दिल्यापासून दीडशेहून अधिक वर्षे कॅलिफोर्नियातील पायहीन सरडे सर्वसाधारणपणे या एकाच जातीचे समजले गेले. जाती म्हणजे ज्या समूहाची वंशरेषा इतरांपासून दीर्घकाळ स्वतंत्र राहिली आहे असा समूह; परंतु जमिनीखालच्या जीवनाने सर्वांना सारखाच घाट दिला असेल, तर ही स्वतंत्रता बाहेरून ओळखायची कशी?

थिओडोर पेपनफस आणि जेम्स पारहॅम या संशोधकांनी त्यासाठी पुठ्ठ्याचे व प्लायवूडचे तुकडे ठिकठिकाणी जमिनीवर पसरून ठेवले. त्यांच्याखाली ओल टिकून राहते, सरडे त्या ओलीला येतात, आणि पुढे तुकडा उलटला की हाती लागतात. सापडलेल्या सरड्यांची जनुके, खवल्यांची व मणक्यांची संख्या आणि जिवंतपणीचा रंग एकत्र ताडून पाहून 2013 मध्ये त्यांनी चार नव्या जाती जाहीर केल्या. रंगाचा उल्लेख येथे महत्त्वाचा आहे, कारण त्यांपैकी बेकर्सफील्ड शहरात आढळणाऱ्या जातीचे पोट जांभळट असते, पण संग्रहालयातील मद्यार्कात ठेवलेल्या नमुन्यांचे रंग उडतात आणि फरक नजरेआड होतो. उलट, माँटेरीच्या उपसागराकाठचे काळे सरडे रंगामुळे एके काळी वेगळे मानले गेले होते. जनुकांनी मात्र ते ‘पुल्क्रा’चेच असल्याचे दाखविले. रंग एकट्याने साक्ष देतो तेव्हा तो दोन्ही बाजूंनी फसवू शकतो, आणि म्हणूनच अनेक पुरावे एकत्र जुळविण्याची ही पद्धत मोलाची ठरते.

या जाती कोणत्या दुर्गम अरण्यात नव्हे, तर लॉस एंजेलिसच्या विमानतळावरील धावपट्टीच्या टोकाशी, बेकर्सफील्ड शहरातील मोकळ्या भूखंडात, सान ह्वाकिन खोऱ्यातील तेलविहिरींच्या आसपास आणि मोहावे वाळवंटाच्या कडेला आढळल्या. त्यांना अनुक्रमे रॉबर्ट स्टेबिन्स, जोसेफ ग्रिनेल, अ‍ॅनी अलेक्झांडर आणि चार्ल्स कँप या निसर्ग-अभ्यासकांची नावे देण्यात आली. यांपैकी अलेक्झांडर यांच्याच पुढाकाराने 1908 मध्ये बर्कली येथील पृष्ठवंशीय प्राण्यांचे संग्रहालय स्थापन झाले होते आणि ग्रिनेल त्याचे पहिले संचालक होते. जाती वेगळ्या ठरण्याला संवर्धनाच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. सर्व सरडे एकाच जातीचे धरले असता बेकर्सफील्डचा एखादा भूखंड बांधकामाखाली गेला तरी बाकीचे सरडे इतरत्र उरले आहेत असे म्हणता येत होते. ग्रिनेल यांच्या नावाची जाती निराळी ठरल्यावर तसे म्हणण्याला आधार राहिला नाही.