स्पीकरला साजेसा अँप्लिफायर

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एखाद्या संध्याकाळीं पांच मिनिटें उभें राहिलें तर एक संवाद हमखास कानीं पडतो. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढतें न चढतें तोंच दुकानदार विचारतो, "किती वॅटचा दाखवूं, साहेब?" आणि गिऱ्हाईकही, जणूं वाण्याकडून साखर न्यावयाची आहे अशा थाटांत, उत्तर देतें, "शंभराचा दाखवा. नाहीं तर ऐंशीचा चालेल." अँप्लिफायर हा वॅटांवर तोलून घ्यावयाचा जिन्नस आहे, ही समजूत चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतूनही पक्की रुजलेली आहे. वस्तुतः वॅटांची चौकशी अगदीं शेवटीं करावयाची असते. आधीं चौकशी करावयाची ती घरांत येऊन बसलेल्या स्पीकरांची, ज्या खोलींत ते बसले आहेत त्या खोलीची, आणि त्या खोलींत बसून ऐकणाऱ्या माणसांची. सोयरीक जमवितांना एकाच बाजूची पत्रिका पाहून कोणी गुण जुळवीत नाहीं.

समजा, दादरच्या एका सदनिकेंत एक गृहस्थ राहतात. त्यांच्या वडिलांनीं १९८२ सालीं विलायतेहून स्पीकरांची एक जोडी आणली होती. वडील आतां ऐंशीच्या घरांत आले आहेत. जोडी अजून धडधाकट आहे. परंतु तिच्याबरोबरचा अँप्लिफायर निकामी झाला आणि दुरुस्तीसाठीं सुटे भाग मिळेनासे झाले. नवा घ्यावयाचा तो मध्यम किमतीचा, आणि एकदांच. अंदाज चुकला तर वर्षभरांत दुसरा आणण्याची सोय नाहीं. म्हाताऱ्या माणसाच्या दिवसांतील खरा विरंगुळा म्हणजे दिवेलागणीनंतरचा एखादा विलंबित ख्याल. तो गेले दोन महिने बंद पडला आहे.

"बाबा, दुकानदार म्हणतो, शंभर वॅटचाच घ्या," मुलगा सांगतो.

"अरे, आपल्याला तो काय गणपतीच्या मांडवांत लावायचा आहे?" बाबा विचारतात.

बाबांचा प्रश्न थट्टेचा खरा. परंतु तो शास्त्राला सोडून नाहीं. त्यांची जोडी आहे ‘एलएस ३/५ए’ या जातीची. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनच्या संशोधन खात्यानें १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत हा छोटा स्पीकर सिद्ध केला. नभोवाणीच्या मोटारगाड्या बाहेरगांवच्या कार्यक्रमांसाठीं जात, तेव्हां त्या गाड्यांतील अडचणीच्या जागेंत बसून ध्वनि पारखतां यावा, एवढाच त्याचा उद्देश होता. एक फूट उंचीची ही पेटी पुस्तकांच्या फळीवर सहज मावते. मानवी कंठ ती इतक्या प्रामाणिकपणें ऐकविते कीं, पुढें ती घरोघरच्या रसिकांनीं उचलली आणि आजही तिच्या नव्या आवृत्त्या निघतात. तिचा दोष एकच: ती आळशी आहे. दिलेल्या विजेच्या मानानें आवाज फार थोडा काढते.

हा आळस मोजण्याचें माप सर्व स्पीकरांना सारखेंच लावतात. स्पीकरला २.८३ व्होल्टांचा दाब द्यावयाचा आणि एक मीटर अंतरावर आवाज किती डेसिबेल भरतो, तें पाहावयाचें. या छोट्या पेटीचा आवाज सुमारें ८२.५ डेसिबेल भरतो. डेसिबेलचा हिशेब मात्र साध्या बेरजेचा नव्हे. शक्ति दुप्पट केली तर आवाज तीन डेसिबेलांनीं वाढतो, आणि कानाला तो दुप्पट मोठा वाटावा असें असेल तर दहा डेसिबेल, म्हणजे शक्ति दसपट, वाढवावी लागते. म्हणूनच पन्नास वॅटांच्या जागीं शंभर वॅट आणणाऱ्या गृहस्थास दुप्पट आवाज मिळत नाहीं. पदरीं पडतात ते तीन डेसिबेल, म्हणजे ‘किंचित् मोठा झाला खरा’ असें म्हणण्याइतका फरक.

आतां दादरच्या त्या खोलीचा हिशेब. खोली बारा फूट रुंद, चौदा फूट लांब. बाबांची खुर्ची स्पीकरांपासून आठ फुटांवर. उघड्या मैदानांत आवाज अंतराबरोबर झपाट्यानें विरतो. खोलींत भिंती त्याला परत फिरवितात, आणि स्पीकरही दोन असतात. त्यामुळें एक मीटरवरच्या मापापेक्षां खुर्चीपाशीं दोन-तीन डेसिबेलच कमी पडतात. ख्याल ऐकतांना बाबांना सरासरी ७५ डेसिबेल आवाज पुरतो. त्याहून मोठा झाला तर शेजारचीं मंडळी भिंतीवर टकटक करतात. एवढ्या आवाजासाठीं प्रत्येक स्पीकरला लागणारी वीज किती? वॅटाचा सुमारें पांचवा हिस्सा! शंभर वॅटांची भाषा बोलणाऱ्याला हें खरें वाटत नाहीं. पण गणित तसेंच आहे.

मग पाव वॅटाचा अँप्लिफायर कां घेऊं नये? याचें उत्तर तबल्याजवळ आहे. गाणें सरासरीवर चालत नाहीं. गायक खर्जांत रेंगाळत असतो, तंबोरा मागें मंद वाजत असतो, आणि मध्येंच समेवर थाप पडते. सरासरीपेक्षां ती क्षणभर वीस डेसिबेलांनींही उंच उडी घेऊं शकते. वीस डेसिबेल म्हणजे शंभरपट शक्ति. पांचव्या हिश्शाचे एकदम वीस वॅट झाले! ते क्षणाच्या अल्पशा भागापुरतेच लागतात हें खरें. परंतु त्या वेळीं ते हजर नसले तर थाप बोथट होते.

येथें दुसरी एक मेख आहे. अँप्लिफायरच्या पेटीवर छापलेले वॅट बहुधा आठ ओहम रोधाच्या स्पीकरसाठीं असतात. बाबांच्या १९८२ च्या जोडीचा रोध १५ ओहम आहे. १९८७-८८ च्या सुमारास निघालेल्या आवृत्तीचा ११. रोध वाढला कीं त्याच दाबानें वीज कमी वाहते. त्यामुळें आठ ओहमांस वीस वॅट देणारा अँप्लिफायर या जोडीस जेमतेम अकरा वॅट देतो, आणि पन्नास देणारा सुमारें सत्तावीस. लागणार वीस, स्पीकर सोसतो तेही सुमारें पंचवीसच. म्हणजे या घराला पन्नासच्या आसपासचा अँप्लिफायर नेमका साजतो. वीसचा कमी पडेल आणि शंभरासाठीं मोजलेले जादा पैसे कपाटांत शोभेपुरते उरतील.

कमी पडण्याचें भय केवळ बोथट थापेपुरतें नाहीं. अँप्लिफायरची धांव संपली म्हणजे ध्वनितरंगाचे माथे सपाट छाटले जातात. या छाटणींतून मूळच्या गाण्यांत नसलेले वरच्या पट्टींतले स्वर उत्पन्न होतात आणि ते थेट ट्वीटरकडे, म्हणजे स्पीकरच्या सर्वांत नाजूक भागाकडे, जातात. ट्वीटरची तार केसासारखी बारीक असते. घरीं साखरपुडा असावा, भाच्यानें उत्साहानें बटण शेवटपर्यंत फिरवावें, आणि दुसऱ्या दिवशीं गाण्यांतली झांज नाहींशी झालेली असावी, हा प्रकार ज्यांच्याकडे घडला आहे त्यांना वाटतें, अँप्लिफायर फार जोराचा होता. पुष्कळदां तो फार अशक्त होता, आणि त्याच्याकडून झेपेपलीकडचें काम करून घेतलें गेलें. १९७८ सालीं निघालेला ‘नॅड ३०२०’ हा स्वस्त अँप्लिफायर नांवाजला गेला त्यांतलें एक मर्म येथें आहे: कागदावर तो अवघ्या वीस वॅटांचा, पण क्षणापुरता त्याहून बराच अधिक जोर काढूं शकणारा, आणि धांव संपली तरी माथे एकदम न छाटतां हळुवार गोलावणारें एक बटण त्याच्या अंगीं होतें.

याच्या अगदीं उलट स्वभावाचे स्पीकरही आहेत. अमेरिकेंतील क्लिप्श यांचा ‘हेरेसी’ १९५७ पासून चालत आलेला. जुन्या ग्रामोफोनप्रमाणें यालाही कर्णे असतात, आणि त्याच्या तिसऱ्या आवृत्तीचें माप ९९ डेसिबेल आहे. दादरच्या त्याच खोलींत, त्याच ख्यालाच्या थापेला, याला एक वॅटही पुरतो! त्याला शंभर वॅटांचा अँप्लिफायर जोडणें म्हणजे निरांजन लावण्यासाठीं मशाल पेटविणें होय. तेथें चौकशी करावयाची ती शांततेची. असा स्पीकर अँप्लिफायरच्या अंगची बारीकशी खरखरही मोठी करून दाखवितो. गाणें थांबवून स्पीकरजवळ कान नेला असतां ‘स्स्’ असा आवाज खुर्चीपर्यंत पोंचत असेल तर तो अँप्लिफायर कितीही नांवाजलेला असला तरी त्या घराचा नव्हे.

सध्यां बाजारांत ज्यांचा खप अधिक ते उंच सडपातळ स्पीकर या दोहोंच्या मधले, ८६ ते ८९ डेसिबेलांचे असतात. त्यांची खोड निराळी. पाठीवर ‘८ ओहम’ लिहिलेलें असतें, पण कांहीं स्वरांवर त्यांचा रोध चार ओहमांपर्यंत, क्वचित् त्याहूनही खालीं उतरतो, आणि तेथें ते दुप्पट वीज ओढतात. ही ओढ सोसण्याचें बळ अँप्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरांत आणि वीजपुरवठ्याच्या भागांत असतें. वरच्या झगमगीत तबकडींत नसतें. तें ओळखण्याची खूण सोपी आहे. कारखानदारानें आठ ओहम आणि चार ओहम असे दोन्ही आंकडे दिले आहेत काय, हें पाहावें. ६० चे ९० किंवा १०० होत असतील तर माल खणखणीत. चार ओहमांचा आंकडाच गाळला असेल, किंवा ‘सहा ओहम, एकच बाजू चालूं असतां, दहा टक्के विकृति’ अशा अटींवर मोठा आंकडा छापला असेल, तर तो आंकडा गिऱ्हाइकाचे डोळे दिपविण्यासाठीं आहे असें खुशाल समजावें.

स्वराच्या शुद्धतेविषयीं मात्र आज फारशी चिंता नको. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेंतील हॅरल्ड ब्लॅक यांना १९२७ सालीं कामावर जातांना हडसन नदीच्या होडींत एक कल्पना सुचली आणि ती त्यांनीं हातांतल्या वर्तमानपत्रावर टिपून ठेवली: बाहेर पडणाऱ्या ध्वनीचा कांहीं अंश उलटा करून पुन्हां आंत द्यावा, म्हणजे चूक आपली आपणच खोडली जाते. तेव्हांपासून ही विद्या इतकी पुढें गेली आहे कीं, मध्यम किमतीच्या चांगल्या अँप्लिफायरची विकृति कानाला सांपडत नाहीं. दुकानांत दोन अँप्लिफायरांत जमीन-अस्मानाचा फरक भासतो तो बहुधा एकाचा आवाज किंचित् मोठा ठेवल्यामुळें. कान मोठ्या आवाजाला नेहमींच ‘अधिक चांगला’ म्हणतो. विक्रेत्यांना हें चांगलें ठाऊक असतें. म्हणून दोन्हींचे आवाज आधीं मोजून सारखे करून घ्यावे. हल्लीं त्यासाठीं मोबाईलवरचें साधें मापकही कामचलाऊ ठरतें.

उष्णतेचा विचार आपल्याकडे अधिक करावा लागतो. जुन्या पद्धतीचा अँप्लिफायर घेतलेल्या विजेंतील बरीच वीज नुसत्या उष्णतेंत दवडतो. त्याला कांचेच्या बंद कपाटांत कोंडणें म्हणजे त्याचें आयुष्य तोडणें. ‘वर्ग ड’ चे नवे अँप्लिफायर पूर्ण जोरावर चालतांना नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज कामीं लावतात, अंगानें थंड राहतात, आणि आतां ध्वनीच्या बाबतींतही कोणाला हार जात नाहींत. वीज गेल्यावर स्वस्त इन्व्हर्टरवर अँप्लिफायर लावला असतां ट्रान्सफॉर्मर घुमूं लागतो. तो दोष इन्व्हर्टरचा, अँप्लिफायर परत करण्याची घाई करूं नये.

दादरच्या गृहस्थांनीं अखेर पन्नास वॅटांचा एक साधा अँप्लिफायर दोन दिवस घरीं आणून पाहण्याची सवलत दुकानदाराकडून मिळविली. ही सवलत मागण्यांत संकोच कसला? स्पीकर घरचे, खोली घरची. मग परीक्षा दुकानांत कां? संध्याकाळीं तारा जोडल्या, ख्याल सुरू झाला, थापा स्वच्छ ऐकूं आल्या. तरीही बाबा खुर्चींत अस्वस्थ.

"तंबोरा ऐकूं येत नाही रे," ते म्हणाले.

मुलानें आवाज वाढविण्यासाठीं हात पुढें केला. बाबांनीं त्याला खुणेनें थांबविलें आणि डोक्यावर पूर्ण वेगानें फिरणाऱ्या पंख्याकडे बोट दाखविलें. पंखा एकवर आणल्याबरोबर तंबोऱ्याच्या चारही तारा खोलींत उतरल्या. बटणाला कोणी हात लावला नाहीं.