दान दिलेल्या गाडीचे दात



अमेरिकेत गाडीतला रेडिओ चालू ठेवला, की एक विनवणी हमखास कानावर पडते. तुमची जुनी गाडी आम्हाला द्या. चालू असो की बंद, आम्ही येऊन फुकट उचलून नेऊ आणि वर करसवलतीची पावती देऊ. मुलांसाठी, अपंगांसाठी, रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्था असं मागतात, आणि खुद्द रेडिओ केंद्रंही मागतात. तिथल्या सार्वजनिक रेडिओचा बराचसा डोलारा श्रोत्यांच्या देणग्यांवर उभा आहे. बॉस्टनच्या टॉम आणि रे मॅग्लिओझी या भावांचा ‘कार टॉक’ हा रेडिओ कार्यक्रम १९८७ पासून देशभर ऐकला जायचा. लोक फोन करून आपल्या गाडीचे चमत्कारिक आवाज तोंडाने काढून दाखवायचे, आणि एमआयटीत शिकलेले हे दोघे मेकॅनिक खदाखदा हसत रोगाचं निदान करायचे. २०१२ साली त्यांनी नवे भाग बंद केले, तरी त्यांच्या नावाने जुन्या गाड्या घेऊन रेडिओ केंद्रांना पैसा मिळवून देणारी योजना चालू राहिली. उद्या आपल्याकडे कुणी जुनी पद्मिनी मोटार आकाशवाणीच्या फाटकात आणून उभी केली, तर केंद्र संचालकांची काय धांदल उडेल, हे न बोललेलंच बरं.

आता, दिलेल्या गाडीचं होतं काय? आपली अशी कल्पना, की ती एखाद्या गरजू कुटुंबाच्या दारात जाते. क्वचित जातेही. व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टनचं ‘गुड न्यूज गॅरेज’ १९९६ पासून दानात आलेल्या गाड्या दुरुस्त करून कमी उत्पन्नाच्या लोकांना देत आलं आहे. जिथे बस पोचत नाही, तिथे गाडी नाही तर नोकरी नाही. पण बहुतेक गाड्यांची वाट वेगळी असते. संस्थेने नेमलेला मध्यस्थ ती उचलतो आणि लिलावात काढतो. अगदीच खिळखिळी असेल तर ती भंगारात वजनावर जाते. ओढून नेण्याचा खर्च, लिलावाचा खर्च, मध्यस्थाचा वाटा हे सगळं कापून उरेल ते संस्थेचं.

कठोपनिषदातला वाजश्रवस आठवतो. सर्वस्व दान करायला निघाला, आणि दिल्या त्या भाकड, जर्जर गाई. त्याच्या पोराला, नचिकेतालाच, ते बघवलं नाही. अमेरिकेत नचिकेताची भूमिका सरकारी हिशेबतपासनिसांना करावी लागली. २००३ साली त्यांच्या अहवालाने दाखवलं, की २००० या एका वर्षात सुमारे ७ लाख ३३ हजार करदात्यांनी गाडी दान केल्याची वजावट घेतली होती. त्यांनी ५४ गाड्यांचा माग शेवटपर्यंत काढला. त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश गाड्यांच्या बाबतीत देणाऱ्याने करपत्रकात लिहिलेल्या किमतीच्या ५ टक्के किंवा त्याहूनही कमी रक्कम संस्थेच्या हातात पडली होती. याला खोटेपणाच म्हणायला हवं असं नाही. माणूस जुन्या गाड्यांच्या किमतीच्या पुस्तकात आपल्या मॉडेलपुढचा आकडा बघायचा आणि तोच लिहायचा. पुस्तकातली गाडी धडधाकट असते, दारातलीचा गिअरबॉक्स गेलेला असतो.

मग कायदा बदलला. दान दिल्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, पण १ जानेवारी २००५ पासून अमेरिकन सरकार ते मोजू लागलं. ५०० डॉलरच्या वरची वजावट हवी असेल, तर गाडी प्रत्यक्षात जेवढ्याला विकली गेली तेवढीच धरायची, आणि संस्थेने तसा आकडा लेखी द्यायचा. संस्था गाडी स्वतः वापरणार असेल, तिच्यात मोठी दुरुस्ती करणार असेल किंवा गरजूला नाममात्र किमतीत देणार असेल, तरच बाजारभाव चालतो. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. त्यातच २०१८ पासून पावत्यांशिवाय मिळणारी सरसकट वजावट जवळजवळ दुप्पट झाली. बहुतेक लोक तीच घेतात, आणि ती घेतली की गाडीची पावती करासाठी निरुपयोगी.

तरी लोक गाड्या देतात. कारण सोय! माझी भाची न्यू जर्सीतून पुण्याला परत आली, तेव्हाची गोष्ट. घरातलं सामान कुणी ना कुणी नेलं, पण गाडी विकायची म्हणजे अनोळखी लोकांचे फोन, चक्कर मारून बघणं, घासाघीस. तिने ती देऊन टाकली. टो ट्रक यायच्या आधी ती स्क्रूड्रायव्हर घेऊन ड्राइव्हवेत उकिडवी बसली आणि नंबर प्लेटा काढल्या. त्या राज्यात प्लेट गाडीबरोबर जात नाही, ती वाहन कार्यालयात परत करायची असते. काचेला चिकटवलेला टोलचा टॅग सोडवला, सीटखालून बालवाडीतल्या चित्रांचा गठ्ठा निघाला. मालकीच्या कागदावर सही केली, आणि ड्रायव्हरने पाचेक मिनिटांत गाडी चढवून नेली. कॅलिफोर्नियात असती, तर गाडी आता माझी नाही अशी सूचना पाच दिवसांत सरकारला द्यावी लागली असती. म्हणजे पुढे त्या गाडीने काही केलं, तर बालंट आपल्यावर येत नाही.

आपल्याकडे हीच पायरी लोक गाळतात. जुनी गाडी ओळखीच्या आश्रमाला नाहीतर शाळेला देतात, किल्ली देतानाचा फोटो निघतो, आणि आरसी बुकावर नाव मात्र यांचंच राहतं. फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत नाव बदललं नाही, तर अपघाताच्या भरपाईसाठी कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हे पुन्हा स्पष्ट केलं. त्या खटल्यात गाडी आधीच्या मालकाने विकली होती, पुढे ती आणखी दोनतीन हातांतून गेली होती, तरी उपयोग झाला नाही.

शिवाय गाडी पंधरा वर्षांची होत आली असेल, तर तुम्ही संस्थेला खर्चच दान करताय. फेरनोंदणी आली, तपासणी आली, पर्यावरण कर आला, टायर आले. आणि आपल्या प्राप्तिकरात देणगीची सवलत पैशांवर मिळते, वस्तूवर नाही. तेही २,००० रुपयांच्या वरची रक्कम रोख दिली तर नाहीच.

म्हणून माझं ऐकाल, तर गाडी विका. फारच जुनी असेल तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्राला द्या, आणि आलेले पैसे चेकने संस्थेला पाठवा. संस्थेला खरोखर गाडीच हवी असेल, रुग्णांना ने-आण करायला किंवा भाजी आणायला, तर आधी विचारा: ड्रायव्हर आहे का, विम्याचा हप्ता कोण भरणार? हो म्हणाले, तर आरटीओत सोबत जा. आणि विम्याचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर देऊ नका. तो गाडीचा नसतो, तुमचा असतो. विमा कंपनीकडून तसं पत्र घेऊन ठेवा, नव्या गाडीला चालतं.