केक कुणाला कसा आवडतो?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका गटाच्या ताईंनी मांडलेलं मनोगत)



आमच्या गटाने भट्टीसाठी, म्हणजे ओव्हनसाठी, समुदाय गुंतवणूक निधीतून कर्ज मागितलंय. त्यावर बोल असं मला सांगितलं. पण हिशेबाआधी मी आवडीनिवडीचं बोलणार आहे. भाकरी भूक लागली की खातात. केक आवडला तरच घेतात, आणि नाही आवडला तर तुम्हाला तोंडावर सांगत नाहीत, फक्त पुढच्या वेळी फोन येत नाही.

सध्या आम्ही कुकरमध्येच केक करतो. शिट्टी आणि रिंग काढायची, तळाला मीठ घालून कुकर दहा मिनिटं तापवायचा आणि मंद आचेवर भांडं ठेवायचं. ऑर्डर बहुतेक ठरलेल्या असतात. पोरांना चॉकलेट, मोठ्यांना पायनॅपल, आणि "अंडं नको हां!" कुणाचा गुरुवार, कुणाची संकष्टी, श्रावणात तर बोलायलाच नको. मग अंड्याचं काम दही आणि सोडा करतात. दह्याच्या आंबटपणाने सोडा फसफसतो, ते बुडबुडे पिठात अडकतात आणि केक फुगतो. म्हणून सोडा घातला की भांडं लगेच चढवायचं. गप्पा मारत बसलात तर केक बसला म्हणून समजा.

आता माझं नावडतं सांगते. केकवरचं ते पांढरं क्रीम. आपल्याला वाटतं ती दुधाची साय. दुकानात मिळणाऱ्या साध्या दुधाच्या क्रीममध्ये साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो, तेवढ्यावर ते नीट फेटलं जात नाही. म्हणून स्वस्त केकवर बहुतेक वेळा वनस्पती तेल आणि साखरेचं क्रीम असतं. पाकिटाची मागची बाजू वाचा, लिहिलेलं असतं. खाल्लं की टाळूला मेणासारखं चिकटतं. आणि एप्रिलच्या उन्हात एसटीतून नेलं तर पोचेपर्यंत फुलांचं ताक होतं! ते एकमेकींच्या तोंडाला फासतात, तेही मला मुळीच आवडत नाही. कुणीतरी उन्हात राबून कमावलेला तो पैसा असतो.

मला आवडतो रव्याचा केक. दीड वाटी बारीक रवा, एक वाटी दही, एक वाटी साखर, अर्धी वाटी तूप किंवा तेल. अर्धा तास झाकून ठेवायचं, रवा फुगतो. मग लागेल तसं दूध, एक चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, वेलची. चाळीसेक मिनिटांनी सुरी खुपसून बघायची, कोरडी निघाली की झालं. मुंबई-पुण्याच्या इराणी बेकऱ्यांत मावा केक मिळतो, तोही असाच बिनक्रीमचा, वेलचीच्या वासाचा. आणि आपल्या कोकणातलं धोंडस काय वेगळं आहे? पिकलेलं तवसं किसायचं, त्याच्याच पाण्यात तांदळाचा रवा शिजवायचा, गूळ, खोबरं, तूप. आज्या खाली चूल आणि वर झाकणावर निखारे ठेवून भाजायच्या. खालून-वरून आच, म्हणजे भट्टीच की! फक्त त्याला कुणी केक म्हटलं नाही.

अजून एक सांगायचंय. केक सांगायला फोन बाईच करते, पण तो मुलाचा, नवऱ्याचा, साहेबांचा. तुमच्यासाठी कुठला करू, असं विचारलं की उत्तर एकच, "मला काय, कायपण चालतं." आमच्या गटाच्या रजिस्टरात बघितलं तर निम्म्या जणींची जन्मतारीख १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिली ती. खरी तारीख आईलाही आठवत नाही. मग आम्ही ठरवलं, १ जूनला गटाचा केक. कुठला, ते प्रत्येकीने चिठ्ठीवर लिहायचं, नाव घालायचं नाही. "कायपण चालतं" लिहिलेली चिठ्ठी बाद.

त्या दिवशी बऱ्याच वेळ कुणाचा पेन हललाच नाही. मग निघालं एकेक. तिघींना धोंडस हवं होतं. एकीला नाचणीचा, पण "कोरडा नको". नाचणीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, केक भुगा होतो, म्हणून आता निम्मं गव्हाचं पीठ घालतो. आणि एका चिठ्ठीवर होतं, "गुलाबाचं फूल असलेला तुकडा. आख्खा." घरी तो तुकडा नेहमी पोरांना जातो ना! मला क्रीम आवडत नाही, तरी त्या दिवशी मी स्वतः गुलाब काढला. तिने तो कुणाला न देता सावकाश खाल्ला.

तर कर्जाचं. शहरातल्या क्रीम केकची नक्कल करायला भट्टी घ्यायची असेल तर माझं मत नाही. त्यांच्याकडे फ्रीज आहे, आपल्याकडे दुपारी लाइट नसते. रवा, नाचणी, धोंडस हे क्रीमशिवाय एसटीतून जातं, आठवडी बाजारात उघड्यावर वितळत नाही. पॅकिंग करून विकायचं तर अन्न सुरक्षेची नोंदणी लागेल, ती आपण करूच. पण खपेल का, ते तुमच्या जिभेवर आहे.

मागच्या टेबलावर तीन डबे ठेवलेत. चहाच्या आधी खा, चहानंतर गोड कमी लागतं. चिठ्ठीवर नाव नको. नाही आवडलं तर "नाही" लिहा, आणि काय नाही आवडलं तेही लिहा. चिठ्ठ्या कोषाध्यक्ष ताईंकडे द्या, माझ्याकडे नको.