थंडगार समुद्रातून मिळणारी ऊब

डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावर एस्बिएर्ग नावाचं बंदर आहे. हिवाळ्यात तिथल्या समुद्रात हात बुडवला तर बोटं बधिर होतात. आज त्याच पाण्याच्या उष्णतेवर सुमारे २५,००० घरं उबदार राहू शकतात.

डेन्मार्कमध्ये जमिनीखालच्या नळांतून घराघरांत गरम पाणी खेळवण्याची पद्धत जुनी आहे. एस्बिएर्गला या उष्णतेचा मोठा वाटा कोळशाच्या वीजकेंद्राकडून मिळे. २०२४ मध्ये ते केंद्र बंद झालं आणि बंदरावर ७० मेगावॉट क्षमतेचा हीट पंप आला.

याचं तत्त्व घरच्या फ्रिजचंच. फ्रिज आतली उष्णता उपसून मागच्या बाजूने बाहेर टाकतो. इथे ती समुद्रातून उपसली जाते. दर सेकंदाला सुमारे ४,००० लिटर पाणी आत येतं, काही अंशांनी थंड होतं आणि समुद्रात परत जातं. त्याची उष्णता पाइपांतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो. मग कॉम्प्रेसर त्याला जोरात दाबतो, तो तापतो आणि शहराकडे निघालेल्या पाण्याला ९० अंशांपर्यंत पोचवतो. कार्बन डायऑक्साइड निवडण्यामागे मोठा विचार आहे. शेजारचा वाडेन समुद्र युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. गळती झालीच, तर तिथल्या जिवांना विषारी रसायनाचा धोका नको.

एक युनिट वीज खर्चून साधारण तीन युनिट उष्णता हाती येते. यात जादू काही नाही, उरलेली दोन युनिटं समुद्राची असतात. याच किनाऱ्यापुढे पवनचक्क्यांची रांग आहे. वारा जोरात असला की वीज स्वस्त होते. तेव्हा पंप भरपूर चालवायचा, पाणी तापवून ठेवायचं. वारा पडला की पंप मंद करायचा. वीज साठवणं महाग पडतं, गरम पाणी साठवणं त्या मानाने सोपं. पवनऊर्जेला खरा हातभार लागतो तो इथे.

ही कल्पना आजची नाही. झुरिकच्या नगरभवनात १९३८ मध्येच लिम्मत नदीच्या पाण्यावर हीट पंप सुरू झाला. स्टॉकहोमने १९८० च्या दशकात बाल्टिक समुद्राची उष्णता वापरली, तर हेलसिंकी शहर सांडपाण्यातली उष्णताही वाया जाऊ देत नाही.

मर्यादा आहेतच. पाणी जितकं जास्त तापवायचं, तितकी वीज जास्त लागते. आणि ती वीज कोळशाची असेल तर फायदा बराच घटतो. कडाक्याच्या थंडीसाठी एस्बिएर्गनेही लाकडाच्या चिपांवरचा बॉयलर जोडीला ठेवला आहे.

श्रोतेहो, महाराष्ट्रात घरं तापवावी लागत नाहीत, पण दूध तापवावं लागतं. पाश्चरीकरणात दूध ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवून मग ४ अंशांपर्यंत थंड करतात. थंड करताना निघणारी उष्णता बाहेर हवेत सोडायची आणि शेजारी बॉयलरसाठी इंधन जाळायचं, ही दुहेरी उधळपट्टी आहे. हीट पंप ही दोन्ही कामं एकाच विजेत करू शकतो. आपल्या दूध संघांनी पुढचा बॉयलर घेण्याआधी हा हिशेब जरूर मांडून पाहावा.